आराखडा, सुटे भाग आणि परवानगी : हौशी संगीतकारांच्या सिंथेसायझरचा इतिहास

सिंथेसायझर या वाद्यात तार छेडली जात नाही आणि भाताही दाबला जात नाही. ऑसिलेटर नावाचे मंडल ठराविक वारंवारितेची विद्युत् आंदोलने निर्माण करते, फिल्टर त्यांतील काही स्वरांश गाळून नादाचा पोत ठरवतो, ॲम्प्लिफायर त्याची तीव्रता सांभाळतो आणि एन्व्हलप हे मंडल तो नाद किती वेगाने चढावा, किती वेळ टिकावा आणि कसा विरावा याचे नियमन करते. या वाद्याचा प्रचलित इतिहास मोठे निर्माते, नामवंत वादक आणि गाजलेल्या ध्वनिमुद्रिका यांच्याभोवती फिरतो. मात्र त्याला समांतर असा दुसरा इतिहासही आहे. तो आराखडे छापणाऱ्या मासिकांचा, टपालाने सुटे भाग पाठवणाऱ्या छोट्या कंपन्यांचा आणि स्वतःच्या घरी डाख देत वाद्य जोडणाऱ्या हौशी मंडळींचा असून, आज ज्याला मुक्त स्रोत हार्डवेअर म्हणतात, म्हणजे ज्याचे मंडलचित्र, भागांची यादी, पाटीचा नकाशा आणि संगणकीय आज्ञावली कोणालाही अभ्यासण्याची, बदलण्याची, बनवण्याची आणि विकण्याची मुभा असते, त्याची मुळे या दुसऱ्या इतिहासात आहेत. सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारे वाद्य घडण्यासाठी आराखडा, सुटे भाग आणि परवानगी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हाती असाव्या लागतात. विसाव्या शतकात त्यांपैकी एखाददुसरी नेहमीच निसटत राहिली, असे हा इतिहास पाहताना दिसते.

रॉबर्ट मूग या अमेरिकी अभियंत्याचे नाव व्यावसायिक सिंथेसायझरशी जोडले गेले असले, तरी त्याची सुरुवात हौशी मंडळींच्या दुनियेतच झाली. हात न लावता, केवळ हाताच्या अंतराने स्वर बदलणाऱ्या थेरेमिन या रशियन शोधाचा आराखडा त्याने १९५४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, 'रेडिओ अँड टेलिव्हिजन न्यूज' या मासिकात प्रसिद्ध केला, आणि १९६१ मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनचे किट सुमारे ५० डॉलरांना टपालाने विकण्यास सुरुवात केली. हर्बर्ट डॉइच हा संगीतशिक्षक अशा थेरेमिनमुळेच मूगच्या कामाशी परिचित झाला होता. १९६३ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील संगीतशिक्षकांच्या एका परिषदेत दोघांची भेट झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकार्यातून मूग सिंथेसायझरचे पहिले रूप साकारले. पहिल्या व्यावसायिक सिंथेसायझरकडे नेणारी वाट एका स्वस्त किटमधून गेली, ही बाब चरित्रकार सहसा ओझरती सांगतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र ती मध्यवर्ती आहे.

मूगच्या रचनेचे मर्म व्होल्टता-नियंत्रणात होते. स्वराची उंची, फिल्टरची मर्यादा आणि आवाजाची तीव्रता या साऱ्या गोष्टी हाताने बटण फिरवण्याऐवजी विद्युत्दाबाने बदलता येऊ लागल्या, आणि एका सप्तकामागे एक व्होल्ट, म्हणजे षड्जापासून तारषड्जापर्यंत जाण्यासाठी दाबात नेमकी एका व्होल्टची वाढ, असे साधे प्रमाण रूढ झाले. याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डॉन बुक्ला हाही अशाच नियंत्रणाचे, परंतु पियानोच्या पट्ट्या टाळणारे वाद्य रचत होता. प्रमाण साधे असल्यामुळे एकाने बनवलेले मंडल दुसऱ्याच्या मंडलाला जोडता येण्याची शक्यता निर्माण झाली. किंमत मात्र साधी नव्हती. सुट्या कप्प्यांची मूग यंत्रणा हजारो डॉलरांची असे, आणि १९७० मध्ये आलेला, एकाच पेटीत बसवलेला मिनिमूगही सुमारे १,५०० डॉलरांना मिळत असे. त्यामुळे ही वाद्ये विद्यापीठे, मोठे स्टुडिओ आणि संस्था यांच्याकडेच पोहोचली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या देखरेखीखाली मूग यंत्रणा बसवण्यात आली आणि गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी तिच्यावर प्रयोग केले, ही भारतीय इलेक्ट्रॉनिक संगीताची महत्त्वाची सुरुवात होय. परंतु ती संस्थेच्या भिंतींआड राहिली आणि तिच्या ध्वनिफिती कित्येक दशके संग्रहात पडून होत्या. यंत्र एकच असेल आणि त्याचा आराखडा भोवतालच्या कारागिरांच्या हाती नसेल, तर परंपरा उभी राहत नाही.

अमेरिकेत या महागाईवर पहिले उत्तर शोधणाऱ्यांत सर्ज चेरेप्निन या संगीतकाराचा उल्लेख करावा लागतो. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये शिकवत असताना, १९७० च्या दशकाच्या आरंभी, त्याने बुक्लाच्या यंत्रणेला परवडणारा पर्याय म्हणून स्वतःची मंडले रचली आणि विद्यार्थ्यांनी एकत्र बसून आपापली यंत्रणा जोडावी अशी व्यवस्था केली. याच काळात, १९७२ पासून, बर्नी हचिन्स इथाका येथून 'इलेक्ट्रोनोट्स' हे पत्रक काढू लागला. त्यात तयार आराखड्यांबरोबर त्यांमागचे गणितही दिलेले असे. ओक्लाहोमा सिटीतील पाया इलेक्ट्रॉनिक्स या जॉन सायमन्टनच्या कंपनीने तर ग्नोम नावाच्या छोट्या सिंथेसायझरचे किट मिनिमूगच्या किमतीच्या लहानशा अंशात विकले. या तिन्हींत खोली हचिन्सच्या पत्रकाला होती आणि पसारा सायमन्टनच्या किटना. दोन्ही गुण एकत्र आले असते तर इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समध्ये हे कार्य मासिकांनी केले, आणि ते अधिक व्यापक प्रमाणावर केले. 'प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स'ने १९७३ मध्ये मोठ्या सिंथेसायझरची लेखमाला आणि १९७४ मध्ये मिनिसॉनिक हे छोटे वाद्य छापले. 'इलेक्ट्रॉनिक्स टुडे इंटरनॅशनल'च्या ऑस्ट्रेलियन आवृत्तीत १९७३ पासून ४६०० क्रमांकाचा भव्य सिंथेसायझर क्रमशः आला. मूळ डच असलेल्या 'एलेक्टर'ने १९७७ पासून फॉर्मंट ही सुट्या कप्प्यांची यंत्रणा प्रसिद्ध केली. या मासिकांची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. मंडलचित्रासोबत पीसीबीचा, म्हणजे तांब्याचे जोडमार्ग असलेल्या पाटीचा, नकाशा अनेकदा प्रत्यक्ष आकारात छापला जाई. वाचक तो तांब्याच्या पत्र्यावर उतरवून फेरिक क्लोराइडच्या द्रावणात उरलेले तांबे विरघळवत असे, मग भोके पाडून भाग बसवत असे. ज्याला एवढा खटाटोप नको असेल, त्याच्यासाठी तयार पाट्या आणि भागांचे किट विकणाऱ्या कंपन्या त्याच मासिकांत जाहिराती देत. टिम ऑर या अभियंत्याने रचलेला ट्रान्सेन्डंट २००० हा १९७८ चा सिंथेसायझर पॉवरट्रान कंपनीच्या किटमधून अनेकांच्या घरी पोहोचला, आणि मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या वाद्यवृंदाचा बर्नार्ड समनर याने स्वतः जोडलेला ट्रान्सेन्डंट वाद्यवृंदाच्या संगीतात वापरला. घरी जोडलेले वाद्य म्हणजे दुय्यम प्रतीचे, हा समज तेव्हाही पूर्णपणे खरा नव्हता. मात्र तापमान बदलताच स्वर ढळणे, हा दोष या वाद्यांत वारंवार आढळे, कारण व्होल्टतेचे वारंवारितेत रूपांतर करणारे ट्रान्झिस्टर उष्णतेला फार संवेदनशील असतात.

मासिकांनी आराखडा उघड केला, पण परवानगी दिली नाही, हा भेद आज सहज नजरेआड होतो. छापील रचना वाचकाने स्वतःच्या उपयोगासाठी एकदा बनवावी, तिचा व्यापार करू नये, अशी सर्वसाधारण अट असे. सुधारलेली आवृत्ती पुन्हा प्रसिद्ध करण्याचा रीतसर मार्ग नव्हता, त्यामुळे शेकडो वाचकांनी केलेल्या दुरुस्त्या फार तर पत्रव्यवहाराच्या सदरात येत आणि विरून जात. भारतात तर तिसऱ्याच गोष्टीची वानवा होती. १९८० च्या दशकात 'एलेक्टर'ची भारतीय आवृत्ती मुंबईहून निघत होती, आणि ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांची मोठी बाजारपेठही होती. परंतु आयात निर्बंधांच्या त्या काळात वाद्यासाठी लागणारे विशिष्ट आयसी, म्हणजे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेली गुंतागुंतीची मंडले, मिळणे ही वेगळीच कसरत होती. आराखडा आहे, हौस आहे, पण भाग नाहीत, ही स्थिती हौशी इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासात भारतापुरती मर्यादित नाही. ती पुढे साऱ्या जगाच्या वाट्याला आली.

कारण १९८० च्या सुमारास कर्टिस आणि सॉलिड स्टेट मायक्रो टेक्नॉलॉजी या कंपन्यांनी संपूर्ण ऑसिलेटर किंवा संपूर्ण फिल्टर एकाच आयसीत बसवला. त्यामुळे वाद्ये स्थिर आणि छोटी झाली. पण निर्मात्याने तो आयसी काढणे थांबवले की त्याच्यावर बेतलेला आराखडा निरुपयोगी ठरू लागला. १९८३ मध्ये दोन घटनांनी चित्र पालटले. मिडी या प्रमाणामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने परस्परांना स्वर कळवू लागली, आणि यामाहाच्या डीएक्स-७ ने जॉन चाउनिंगच्या वारंवारिता-आरोपण पद्धतीवर आधारलेले अंकीय वाद्य सुमारे २,००० डॉलरांत बाजारात आणले. त्याचा गाभा कंपनीने स्वतःसाठी घडवून घेतलेल्या आयसींमध्ये होता. पेटी उघडून पाहणाऱ्याला आत काळे चौकोन दिसत. त्यांचा आराखडा मासिकात छापण्याजोगा नव्हता आणि घरी बनवण्याजोगा तर मुळीच नव्हता.

या उलथापालथीत जुनी ॲनालॉग वाद्ये कवडीमोल झाली आणि त्यातूनच पुढची विचित्र साखळी सुरू झाली. रोलँडचे टीबी-३०३ हे चंदेरी रंगाचे छोटे यंत्र मुळात बास गिटारवादकाची जागा भरून काढण्यासाठी होते, परंतु ते खऱ्या बास गिटारसारखे वाजत नसल्याने १९८४ मध्ये बंद पडले. मुंबईतील हिंदी चित्रपटसंगीताचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हे यंत्र, टीआर-८०८ हा तालयंत्राचा नमुना आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा रागांची डिस्को ठेक्यावरची तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिच्याकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर मात्र शिकागोत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच यंत्राच्या किंचाळणाऱ्या फिल्टरवर उभ्या राहिलेल्या ॲसिड हाउस संगीताशी तिचे साम्य पाहून युरोपीय समीक्षक थक्क झाले. शिकागोतील तरुणांनी टीबी-३०३ घेतले ते मुख्यतः जुन्या बाजारात स्वस्त मिळाले म्हणून. त्या संगीताची कीर्ती वाढली तशी यंत्राची किंमत मूळ किमतीच्या कित्येक पट झाली, आणि हौशी संगीतकाराला ते पुन्हा अप्राप्य झाले.

येथेच मुक्त स्रोत वाद्याचा खरा आरंभ मानावा लागतो. एमआयटीत शिकलेल्या लिमोर फ्रीड या अभियंतीने २००५ च्या सुमारास एक्सऑक्सबॉक्स या नावाने टीबी-३०३ ची प्रतिकृती प्रसिद्ध केली. तिने मूळ यंत्राचे ॲनालॉग मंडल बारकाईने उलगडले, ज्यांचे उत्पादन बंद झाले होते अशा ट्रान्झिस्टरचा शोध घेतला, आणि मूळ यंत्रातील बंदिस्त प्रक्रियकाच्या जागी बाजारात सहज मिळणारा, कोणालाही नव्याने आज्ञावली भरता येईल असा मायक्रोकंट्रोलर बसवला. मायक्रोकंट्रोलर म्हणजे स्मृती व प्रक्रियक एकत्र असलेला अल्पमोली संगणक. मुख्य म्हणजे मंडलचित्र, पाटीचा नकाशा आणि आज्ञावली हे सारे तिने इतरांना वापरण्यासाठी खुले केले. किटच्या तुकड्या मर्यादित असल्याने रांग मोठी असे, परंतु फाइली उपलब्ध असल्यामुळे इतरांनी उत्पादन पुढे चालवले आणि आज्ञावलीच्या सुधारित आवृत्त्याही तयार झाल्या. मासिकांच्या काळात वाचकांच्या ज्या दुरुस्त्या विरून जात होत्या, त्या आता मूळ रचनेत परत येऊ लागल्या.

त्याच वर्षी इटलीतील इव्रेआ येथे, हर्नान्दो बारागान याच्या वायरिंग या आधीच्या प्रकल्पाचा आधार घेऊन, आर्डुइनो ही मायक्रोकंट्रोलरची शैक्षणिक पाटी तयार झाली, आणि विद्युत्अभियांत्रिकीचे शिक्षण नसलेल्या कलावंतांनाही यंत्राला आज्ञा देणे जमू लागले. या उपक्रमांना समान कायदेशीर भाषा हवी होती. न्यूयॉर्कमध्ये २०१० मध्ये पहिली मुक्त हार्डवेअर परिषद भरली आणि २०११ मध्ये मुक्त स्रोत हार्डवेअरची पहिली व्याख्या निश्चित करण्यात आली. या व्याख्येतील एक मुद्दा सिंथेसायझरच्या जगात कायम वादाचा ठरला आहे : व्यापारी वापराला मनाई करणारा परवाना तिच्यात बसत नाही. अनेक हौशी रचनाकार 'बनवा, बदला, पण विकू नका' अशी अट घालतात आणि तरीही आपल्या रचनेला मुक्त म्हणवतात. कायद्याची बाजू आणखी गुंतागुंतीची आहे. मंडल कसे चालते यावर स्वामित्वहक्क सहसा नसतो, तो चित्रावर आणि आज्ञावलीवर असतो. मंडलातील नवीन कल्पनेला पेटंटचे संरक्षण मिळू शकते, पण ते मर्यादित मुदतीचे असते, आणि मूगच्या प्रसिद्ध शिडी-फिल्टरचे १९६९ मध्ये मिळालेले पेटंट तर कधीच संपलेले आहे. म्हणून या क्षेत्रातील परवाने कायद्याइतकेच परस्पर शिष्टाचारावर उभे आहेत, असे म्हणणे अधिक योग्य.

परिषदेच्याच वर्षी, २०१० मध्ये, दोन वाद्ये आली आणि दोन्हींचा वंशवृक्ष बोलका आहे. पीटर कर्न आणि जेम्स ग्रॅहम यांचे मीब्लिप हे वाद्य पोलंडच्या यारेक झिएम्बिकी याने आधीच खुल्या केलेल्या, एकाच आठ-बिटी मायक्रोकंट्रोलरवर चालणाऱ्या सिंथेसायझरवर आधारलेले होते. दुसरे वाद्य पॅरिसमध्ये एमिली जिले हिने म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स या नावाखाली काढलेले श्रुती-१. तिच्या आरंभीच्या वाद्यांना श्रुती, अनुश्री आणि अंबिका अशी भारतीय नावे असावीत, हे भारतीय वाचकाला सुखावणारे आहे. श्रुती-१ मध्ये नाद आठ-बिटी मायक्रोकंट्रोलर निर्माण करतो, म्हणून त्यात एक खरखरीत खडबडीतपणा असतो, आणि स्वतंत्र पाटीवरचा ॲनालॉग फिल्टर त्याला गोलाई देतो. ही फिल्टरची पाटी बदलता येण्याजोगी ठेवण्यात रचनेचे शहाणपण होते, कारण दुर्मीळ आयसी संपला तरी दुसऱ्या मंडलाची पाटी बसवून वाद्य चालू राहते. विसाव्या शतकाने सुट्या भागांच्या टंचाईतून शिकवलेला धडा येथे थेट रचनेत उतरला आहे. पुढे २०१६ मध्ये कर्टिसचा सुप्रसिद्ध ऑसिलेटर आयसी पुन्हा उत्पादनात आला आणि रिगा येथील कारखान्यातही त्याचा पर्याय तयार होऊ लागला, तेव्हा भागांची अडचण बरीच सैल झाली.

जिलेने नंतर किट सोडून युरोरॅक पद्धतीचे तयार कप्पे बनवण्याकडे मोर्चा वळवला. युरोरॅक ही जर्मनीच्या डीटर डोप्फर याने १९९० च्या दशकाच्या मध्यास रूढ केलेली मापे असून, त्यामुळे निरनिराळ्या निर्मात्यांचे कप्पे एकाच चौकटीत बसतात आणि एकाच वीजपुरवठ्यावर चालतात. खुले माप हेही एक प्रकारचे मुक्तपण आहे आणि त्याचे श्रेय डोप्फरला पुरेसे दिले जात नाही. ब्रेड्स, क्लाउड्स, रिंग्ज, प्लेट्स या जिलेच्या कप्प्यांची मंडले आणि आज्ञावली खुल्या परवान्याने प्रसिद्ध होत गेली. मात्र म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स हे नाव मुक्त नव्हते. प्रतिकृती करणाऱ्याने ते वापरू नये एवढीच तिची आग्रहाची अपेक्षा असे. परिणाम व्यापक झाला. त्याच आज्ञावलीवर व्हीसीव्ही रॅक या संगणकावरील मोफत यंत्रणेतील कप्पे चालू लागले, प्लेट्सचे नाद आर्टुरिया कंपनीच्या २०१९ च्या मायक्रोफ्रीक या वाद्यात आले, निम्म्या रुंदीच्या प्रतिकृती छोटे कारागीर विकू लागले, आणि बेरिंगरसारख्या मोठ्या उत्पादकानेही प्लेट्सवर आधारित स्वस्त कप्पा बाजारात आणला. शेवटच्या गोष्टीवरून हौशी मंडळींत संताप उसळला. परवान्याने ज्याची स्पष्ट मुभा दिली होती तेच मोठ्या भांडवलाने केल्यावर ते अन्याय्य वाटावे, यात तर्कविसंगती आहे, पण भावना समजण्यासारखी आहे : खुलेपणाची कल्पना करताना रचनाकारांच्या डोळ्यांसमोर घरी डाख देणारा माणूस होता, कारखाना नव्हता. जिलेने २०२२ मध्ये व्यवसाय थांबवला, आणि तिचे कप्पे तरीही नव्याने बनत राहिले. बंद पडलेल्या टीबी-३०३ ची किंमत जशी चढली, तशी क्लाउड्सची चढू शकली नाही.

किमतीच्या बाबतीत मात्र या काळात एक उलटा प्रवाह आला. कॉर्गने २०१० मध्ये मोनोट्रॉन हे तळहाताएवढे ॲनालॉग वाद्य काढले आणि त्याचे मंडलचित्रही प्रसिद्ध केले. २०१३ पासून व्होल्का मालिकेने तयार वाद्य अनेक किटपेक्षा स्वस्त केले. कारखान्यात यंत्राने भाग चिकटवण्याचा खर्च इतका घसरला की स्वतः जोडून पैसे वाचतात, हे १९७० च्या दशकातील गणित कालबाह्य ठरले. ब्रनो येथील बास्टल इन्स्ट्रुमेंट्सचा कॅसल हा अल्पमोली मायक्रोकंट्रोलरवर चालणारा इवलासा सिंथेसायझर किंवा बार्सिलोनातील बेफाको या गटाच्या कार्यशाळा यांचे आकर्षण त्यामुळे केवळ किमतीत उरले नाही. ते यंत्र दुरुस्त करता येण्यात आणि त्यात ढवळाढवळ करता येण्यात आहे. रे विल्सन या अमेरिकी रचनाकाराने आपल्या मृत्यूपूर्वी अनेक वर्षे मंडले स्पष्टीकरणासह मोफत पुरवली होती. २०२१ पासून रिगाच्या एरिका सिंथ्सने मोरिट्झ क्लाइन याच्या सहकार्याने काढलेल्या किटमध्ये ती पद्धत अधिक शिस्तीने आली आहे. या किटसोबतची पुस्तिका भाग कुठे बसवायचा एवढेच सांगून थांबत नाही. एकेका भागाची भर घालत ऑसिलेटर का आंदोलित होतो, कोणता रोधक बदलला तर स्वर का ढळतो, हे ती टप्प्याटप्प्याने उलगडते आणि प्रत्येक टप्पा ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाख न देता भाग खोचता येणाऱ्या फळीवर, करून पाहायला लावते. पुस्तिका किट न घेणाऱ्यालाही मोफत मिळते, त्यामुळे ज्याच्याकडे ब्रेडबोर्ड आणि मोजके सुटे भाग आहेत तो तिच्या पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू शकतो.